ऍव्हरेज किती देते?

घरात गाडी घ्यायची ठरली की गाडीच्या आधी किस्से येतात. आमच्याकडे दोन महिन्यांत गाडी आली नाही, पण किस्से इतके साचले की मधल्या सुट्टीत मैत्रिणी डबा उघडायच्या आधी विचारायच्या, "रेणू, काल कुठली गाडी बघितली?" मी फार बोलत नाही. चार वाक्यांत सांगायचे आणि त्या पोट धरून हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही, राग यायचा. म्हणून आता नीट लिहूनच काढते.

आधी गाडी कशाला हवी होती ते सांगते. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्ही गंगाखेडला राहतो आणि तिची बदली झाली राणीसावरगावच्या पुढच्या एका गावात. सकाळी तिकडे जायला सोयीची एकच एसटी. ती चुकली की शाळा भरल्यावरच पोचायचं. आणि ती चुकायची, कारण आईला स्टँडवर सोडणारी बाबांची मोटारसायकल थंडीत चालूच होत नाही. तिचा सेल्फ केव्हाच मेला. अकरा किक माराव्या लागतात. (मी मोजल्या आहेत.) एकोणीस वर्षांच्या नोकरीत आईला कधी उशीर झाला नव्हता. या थंडीत तिला दोनदा लेखी खुलासा द्यावा लागला. दुसरा लिहिताना तिनं तीन कागद फाडले. तिसऱ्यांदा उशीर झाला तर वर कळवावं लागेल, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं.

ड्रायव्हिंगचं लायसन आईनं दिवाळीच्या सुट्टीतच काढलं होतं. आता तिनं भिशी उचलली आणि ठरवलं, जुनी, लहान, पेट्रोलची गाडी घ्यायची.

गाडी आईची, पैसे आईचे, चालवणार आई. आणि ती पसंत करायला समिती बसली ती अशी: बाबा, मामा आणि शेजारचे दिगूकाका! बाबा ज्युनिअर कॉलेजात क्लार्क आहेत. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याचं पालमला खताचं दुकान आहे. आणि दिगूकाका हे गाड्यांतले जाणकार. त्यांच्याकडे सायकल आहे.

* * *

पहिली गाडी गंगाखेडातच बघितली. निळी, आठ वर्षांची. समिती गाडीभोवती दोन फेऱ्या फिरली. मामानं टायरला लाथ मारली. दिगूकाकांनी दार उघडून धाडकन लावलं आणि आवाज ऐकून मान हलवली. त्यातून त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. मग बाबांनी तो प्रश्न विचारला, जो पुढं प्रत्येक गाडीला विचारला गेला.

"ऍव्हरेज किती देते?"

"बावीस," मालक म्हणाला.

"हायवेला?"

"हायवेला पंचवीस कुठं गेले न्हाईत!"

तिघांचे चेहरे खुलले. तेवढ्यात आईनं विचारलं, "सकाळी थंडीत लगेच चालू होते का?"

मालकानं उत्तर दिलं, पण आईला नाही, बाबांना. "वहिनींना सांगा, सेल्फ हाय तिला, किक न्हाई!"

सगळे हसले. बाबासुद्धा हसले. आई आणि मी गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसलो.

चक्कर मारायला निघालो. पेट्रोलचा काटा फुल टाकी दाखवत होता. रेल्वे गेटच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. टाकीत थेंब नव्हता! काटा मात्र अजून फुलवरच. तो कधीचा तिथंच अडकून बसलेला. ढकलायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "मी स्टिअरिंगवर बसते."

"तू राहू दे अक्का, तुला जमायचं न्हाई," मामा म्हणाला.

स्टिअरिंगवर मालक बसला, आणि जिला जमणार नव्हतं ती माझी आई, साडीचा पदर खोचून, मागून गाडी ढकलत होती. गेटवर थांबलेली अख्खी रांग आमच्याकडे बघत होती.

बाजूनं ढकलणारे दिगूकाका घाम पुसत बाबांना म्हणाले, "एक मात्र हाय साहेब. गाडी हलकी हाय. ऍव्हरेज देणारच!"

* * *

दुसरी गाडी खरोखर चांगली होती, म्हणूनच तिचा राग जास्त आहे.

ती बँकेतल्या एका साहेबांची. त्यांची बदली झाली म्हणून विकायची होती. पाच वर्षं तिचं सर्व्हिसिंग रफिक चाचांकडे झालेलं. चाचा म्हणजे स्टँडमागचे मेकॅनिक. बाबांची मोटारसायकल अजून श्वास घेते ती त्यांच्यामुळं. ते आईला म्हणाले, "मॅडम, ये गाडी आँख बंद करके लेलो."

दिगूकाका नंबर प्लेटसमोर उभे राहिले आणि बोटांवर आकडे मोजायला लागले. मग चेहरा पाडून म्हणाले, "बेरीज आठ."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय वहिनी? आठ म्हंजी शनी! लय वाईट आकडा. घात करतो."

बाबांनी लगेच माघार घेतली. "जाऊ दे. विषाची परीक्षा कशाला?"

आई म्हणाली, "माझा जन्म आठ तारखेचा आहे. मग मलाही तेव्हाच नको म्हणायचं होतं."

बाबा चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या!

पंधरा दिवसांनी क्लासहून येताना मला तीच गाडी आमच्या मागच्या गल्लीत उभी दिसली. पुढं झेंडूचा हार, लिंबू-मिरची, नवी सीट कव्हरं. गाडी दिगूकाकांच्या मेव्हण्यानं घेतली होती. भाव कुणी पाडून दिला? दिगूकाकांनी!

बाबांनी त्यांना गाठलं. "अहो, बेरीज आठ होती ना?"

काकांची पापणीसुद्धा हलली नाही. "त्याची रास येगळी हाय."

* * *

त्यानंतर आई म्हणाली, पुढची गाडी बघायला रफिक चाचांना बरोबर न्या. चाचा बाहेर गाडी बघायला यायचे तीनशे रुपये घेतात.

"तीनशे? नुसतं बघायचे?" मामा ओरडला. "बघायला तर आमी हावच की! आमाला काय डोळे न्हाईत?"

बाबांनाही ते पटलं. तेव्हा चाचांना न घेता आम्ही मामाच्या जीपमधून परभणीला गेलो. जीपचं डिझेल, वाटेत सगळ्यांना भजी, दोनदा चहा, दिगूकाकांना पान. हे सगळं तीनशेच्या पुष्कळ वर गेलं. पण भजी खाताना कुणाला डोळे नव्हते.

गाडी एका सोसायटीत उभी होती. मालक नुकताच दुसऱ्याकडून घेऊन विकायला बसलेला, त्यालाही गाडीची फारशी माहिती नाही. दिगूकाका खांदे वर करून म्हणाले, "चला, बॉनेट उघडा. इंजिन बघू."

बॉनेट उघडेना. मालकानं एक खटका ओढला, पेट्रोलचं झाकण उघडलं. मामानं दुसरा ओढला, मागची डिकी उघडली. दिगूकाकांनी काहीतरी दाबलं आणि वायपर फिरायला लागले! बाबा बॉनेटच्या फटीत बोटं घालून ओढत होते. वॉचमन येऊन उभा राहिला. वरच्या गॅलरीतून दोन बायका बघायला लागल्या. पंधरा मिनिटं झाली.

शेवटी बाबांनी हळूच फोन लावला. कुणाला? रफिक चाचांना. स्पीकर चालू होता.

"स्टिअरिंग के नीचे देखो साब, उजव्या गुडघ्याजवळ. मिला? खेचो."

खट्ट! बॉनेट उघडलं.

"मिला, मिला! थँक्यू चाचा."

"हौ. अब वो तीनशे रुपये ऑनलाइन डाल दो साब. इंजिन दिखाया ना मैं!"

* * *

ते तीनशे आईनं दुसऱ्या दिवशी खरंच नेऊन दिले. मी बरोबर होते. चाचा घेईनात. म्हणाले, "मजाक किया मॅडम. गाडी बताओ, मैं आता. तब देना."

तिथं उभं असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गॅरेजमध्ये कुठलीही गाडी आली की चाचा आधी काही विचारत नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवतात, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी धीर करून विचारलं, का म्हणून.

"ठंडी गाडी सच बोलती बेटा," चाचा म्हणाले. "रातभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका झटक्यात चालू झाली तर समजायचं, बॅटरी, प्लग, इंजिन सब ठीक. गरम गाडी का भरोसा नक्को. वो पाहुण्यांसमोरचं लेकरू है. सब अच्छाच दिखता."

आईनं विचारलं, "आणि ऍव्हरेज?"

"ऍव्हरेज दोन-तीननं कमी-जास्त झालं तर क्या होता? महिन्याला थोडं पेट्रोल जास्त. पण रोड पे बंद पडली, टोचन करून आणली, इंजिन खोललं, तर सालभराचं वाचलेलं पेट्रोल एका दिवसात जाता. पेट्रोल का खर्चा दिखता मॅडम, बंद पडायचा दिखता नै."

 घरी येताना रस्ताभर आई तेच वाक्य पुटपुटत होती.

मी त्या दिवसापासून प्रत्येक गाडीच्या बॉनेटला हात लावायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं, ही एक सोय होती.

* * *

मध्येच डॉक्टरांचा किस्सा सांगते.

जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाची गाडी आधी डॉक्टरांची असते. "सिंगल हँड हाय, डॉक्टरसाहेबांनी वापरलेली!" आम्ही बघितलेल्या गाड्यांपैकी चार डॉक्टरांच्या होत्या. आपल्याकडे एवढे डॉक्टर असते तर खेड्यातल्या माणसाला तापाच्या गोळीसाठी गंगाखेड गाठावं लागलं नसतं.

ही पांढरी गाडी पालमच्या रस्त्यावर एका एजंटाकडे होती. मीटरवर फक्त एकतीस हजार किलोमीटर. दिगूकाका म्हणाले, "नवी करकरीत म्हणा की!"

मी वाकून आत बघितलं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार झिजून खालचं लोखंड चकाकत होतं. ड्रायव्हरच्या सीटला खड्डा पडलेला. मागच्या काचेवर ऊन तिरपं पडलं होतं आणि तिथं खरवडून काढलेल्या अक्षरांची पुसट खूण दिसत होती. मी दोनदा वाचली. "टूर्स अँड ट्रॅव्हल्स." खाली मोबाइल नंबर.

मी मामाच्या कानात हळूच सांगितलं. मामाला हळू बोलता येत नाही. "काय? ट्रॅव्हल्स?" तो अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. "ओ एजंट! आमच्या पोरीला काचेवर अक्षरं दिसायलीत!"

एजंटानं काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब लय देवभोळे. तीर्थाला निघाले की एकटे जायचे न्हाईत. सगळ्यांना संगं न्यायचे!"

बाबा म्हणाले, "असा माणूस मिळत नाही हो आजकाल."

बाबा थट्टा करत नव्हते!

* * *

आता बाबांबद्दल. बाबा भले आहेत, हे आधी लिहिते. त्यांची एक पद्धत आहे. कुणाच्याही दारात न सांगता जायचं नाही. पाहुण्यांकडे असो की गाडी बघायला असो, निघताना फोन. "आम्ही निघालो बरं का. अर्ध्या तासात पोचतो."

म्हणून प्रत्येक गाडीचं बॉनेट गरम! मी हात लावायला लागल्यापासून पाच गाड्या, पाचही गरम. मी शेवटी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "उन्हात उभी असेल." शेवटची तर पत्र्याच्या शेडमध्ये होती, जानेवारी महिना होता आणि मी स्वेटर घातला होता. मी तसं सांगितलं तर बाबा म्हणाले, "गरम आहे म्हणजे वापरात आहे. चांगलंच की."

नववी गाडी लाल होती. एका तासात समितीला आवडली. ऍव्हरेज तेवीस सांगितलं, नंबरची बेरीज पाच, रंग आईच्या राशीला चालणारा. बॉनेट गरम. आई म्हणाली, उद्या सकाळी एकदा बघून ठरवू. तर दिगूकाका म्हणाले, "वहिनी, अशी गाडी उद्यापर्यंत राहत नसती!" बाबांनी तिथल्या तिथं पाच हजार इसार दिला.

गाडी आणायचा मुहूर्त काकांनीच काढला, शुक्रवारी सूर्योदयाला. आईनं रजा टाकली आणि शुक्रवारी आम्ही सगळे अंधुक उजेडात निघालो. त्या दिवशी बाबांनी फोन केला नाही. का? "इतक्या सकाळी कुणाला फोन करून उठवायचं? बरं दिसत नाही."

गाडी अंगणात दवानं ओली होऊन उभी होती. मी हात लावला. रांजणासारखी गार! मालक डोळे चोळत बाहेर आला आणि आम्हाला बघून त्याची झोपच उडाली. चावी फिरवली. खुर्र खुर्र खुर्र. परत फिरवली. खुर्र खुर्र. त्याची बायको धावत गरम पाण्याची बादली घेऊन आली. त्याचा भाऊ ढकलायला आला. दिगूकाकांनी हातातला नारळ परत पिशवीत घातला.

तेवढ्यात ओट्यावरून मालकाची म्हातारी आई काळजीनं म्हणाली, "आगं बया! पाव्हणे फोन न करताच आले व्हय? आज अजून तापवली न्हाई की रं गाडी!"

इसार परत मिळाला नाही. इसार परत मिळत नसतो, असं मालक म्हणाला, आणि समितीनं माना डोलावल्या.  येताना मला वाटलं, आता तरी बाबा मला काहीतरी म्हणतील. घर आल्यावर ते म्हणाले, "आज थंडी फार होती."

* * *

त्यानंतर आईनं समितीला विचारणं बंद केलं.

शाळेतल्या एका बाईंनी तिला पालमच्या निवृत्त गुरुजींच्या गाडीबद्दल सांगितलं होतं. "रविवारी कधीतरी येऊन जाईन," एवढंच आईनं गुरुजींना कळवलं. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी एसटीनं मामाकडे मुक्कामाला गेलो. मामाला वाटलं, बहीण सहज आली. रविवारी सकाळी सहाला आम्ही गुरुजींच्या दारात होतो. रफिक चाचा मोटारसायकलवर कानटोपी घालून आलेले. गुरुजी दात घासत होते.

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि बॉनेटकडे मान केली. मी हात ठेवला. गार!

एका चावीत गाडी चालू झाली. चाचा कान देऊन ऐकत राहिले. मग खाली वाकून बघितलं, चक्कर मारली, दोन टायर बदलावे लागतील म्हणाले, एका ठिकाणी तेल पाझरतंय ते दाखवलं. गुरुजींनी पिशवीतून सर्व्हिसिंगच्या पावत्या काढल्या, सुतळीनं बांधलेल्या. अकरा वर्षांच्या.

आईनं सवयीनं विचारलं, "ऍव्हरेज?"

"सोळा," गुरुजी म्हणाले. "एसी लावला की चौदा. उगीच खोटं कशाला सांगू बाई?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला कमी आकडा सांगितला होता. आणि बघून सांगितला होता आईकडे, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाकडे नाही. आईनं गाडी तिथंच पक्की केली. गुरुजी म्हणाले, इसार नको. पण नांदेडचं एक गिऱ्हाईक रोख घेऊन बसलंय. पुढच्या रविवारी दुपारपर्यंत तुमच्यासाठी थांबतो.

घरी समिती खवळली.

"सोळा?" मामा फोनवर ओरडत होता. "अक्का, येडी झालीस का? सोळा देणारी गाडी कोण घेतं!"

दिगूकाका तर दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमी गाडी न्हाई, हत्ती पाळायलात!"

"हत्ती रोज सकाळी उठतो तरी," आई म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

* * *

हा शेवटचा.

गुरुजींच्या गाडीला पंधरा हजार कमी पडत होते. इसार बुडाला नसता तर दहाच पडले असते, पण हे घरात कुणी बोललं नाही. बाबा स्वतःहून म्हणाले, "माझी मोटारसायकल विकू. कॉलेजला मी चालत जातो." मला त्या दिवशी बाबा फार आवडले.

एका ओळखीच्या माणसानं शनिवारी एक कुटुंब पाठवायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींची मुदत संपणार होती. शनिवारी संध्याकाळी पाचला बाबांचा फोन वाजला. मी खिडकीशी अभ्यासाला बसले होते.

"निघालात का? या, या. अर्धा तास? चालेल," बाबा म्हणाले.

फोन ठेवला, चपला घातल्या आणि अंगणात गेले. मोटारसायकल स्टँडवर घेतली. किक मारली. परत मारली. मी मोजत होते. अकराव्या किकला ती चालू झाली. बाबांनी ती बराच वेळ चालू ठेवली, मग बंद केली आणि फडक्यानं टाकी पुसली. वर बघितलं तेव्हा मी पुस्तकात बघत होते.

आले ते तिघं होते. राणीसावरगावजवळच्या एका खेड्यातले नवरा-बायको आणि त्यांची माझ्याएवढी मुलगी. बाई आशाताई, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्त्या होत्या. बाळंतपणासाठी वेळीअवेळी बोलावणं येतं, म्हणून गाडी हवी होती. चालवणार नवरा.

नवऱ्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. टायरला लाथ मारली. मग विचारलं, "ऍव्हरेज किती देते?"

"पंचावन्न," बाबा म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. तो खिशात हात घालून भाव करायला लागला. त्याची मुलगी मात्र बाजूनं वाकली आणि इंजिनाला हळूच बोटं लावली. लगेच झटकन मागं घेतली. तिनं आपल्या बापाकडे बघितलं, तो बोलत होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि ती म्हणत नव्हती. ते मला चांगलं ओळखता येतं.

आशाताईंनीही ते बघितलं असावं. त्या नवऱ्याला हातानं थांबवून माझ्याकडे वळल्या.

"बाई, तू सांग बरं. तू तर रोज बघतीस. सकाळी एका किकमधी चालू व्हती का गं ही? मला पहाटे बोलावणं आलं तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा तर असे बघत होते, तसं बघताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. दोन महिने, दहा गाड्या, आणि मला कुणीतरी पहिल्यांदा काही विचारलं होतं.

मी म्हणाले, "काकू, उद्या सकाळी सहाला या. फोन करू नका."

 आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती पुढं आली, आधी त्या मुलीच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "आजचा घ्या. उद्याचाही इथंच घ्यायचाय, सहा वाजता."